मारुतीकाकांची भरलेली डबी

आमच्या लाइनवर उन्हाळा आधी पेल्यात उतरतो. बाहेर अजून पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये माणसं कानटोप्या घालून बसलेली असतात आणि इकडे माझ्या हातातल्या कागदी पेल्यातलं केमिकल वेळेआधी घट्ट व्हायला लागतं. रेझिनमध्ये हार्डनर कालवलं की ओतायला ठरावीक मिनिटं मिळतात. थंडीत ती लांबतात, गप्पा मारत ओतलं तरी चालून जातं. फाल्गुन सरत आला की एक दिवस कालवायची काडी पेल्यात अडते, पेला बोटांना कोमट लागतो आणि मी शेजारच्या टेबलावर सांगते, "आला गं बाई उन्हाळा. आता थोडं थोडं कालवा." कॅलेंडर काहीही म्हणो, माझा उन्हाळा त्या दिवशी सुरू होतो.

यंदा गेल्या मंगळवारी काडी अडली. त्याच दिवशी घरी आले तर पप्पांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर डबी ठेवली होती. मला चपला काढायचीही उसंत न देता म्हणाले, "रत्ने, आता भरून टाक ही." चार वर्षं मी हे काम पुढे ढकलत आले होते. यंदा ढकलता येणार नाही हे त्यांच्या बसण्यावरूनच कळलं.

चाकणला गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत मी अठरा वर्षं आहे. प्लास्टिकच्या खोक्यात सर्किट बसवायचं, वरून काळं केमिकल ओतायचं, ओव्हनमध्ये घालायचं, असं ते काम. कागदोपत्री याला पॉटिंग म्हणतात, आम्ही नुसतं ‘भरणं’ म्हणतो. भरलेल्या खोक्यात पाणी शिरत नाही, धूळ शिरत नाही, रस्त्यातल्या खड्ड्यांनी आतली तार हलत नाही. माणसाची नजरही शिरत नाही. म्हणून आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लिहिलेला आहे: भरलेला पार्ट उघडायचा नाही. भरल्यानंतर दोष निघाला तर पार्ट थेट लाल क्रेटमध्ये. म्हणजे जे काय बघायचं ते भरण्याआधी, आणि ते बघायचं काम आता माझ्याकडे आहे. उलटा बसलेला तुकडा रत्नाताईंच्या नजरेतून सुटत नाही, असं सुपरवायझर नव्या मुलींना सांगतात. ते ऐकून मला अजूनही बरं वाटतं. चार वर्षांपूर्वी याच बरं वाटण्यानं माझी फजिती केली होती, तरीही वाटतं.

त्या उन्हाळ्यात मी भिंतीवरचा नियम मोडला. कंपनीत नाही, मोशीच्या आमच्या घरात, गॅलरीच्या दाराशी बसून, सात गुरुवार. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी, आणि नेमकी वीज मंडळालाही दुरुस्तीची आठवण गुरुवारीच होते. त्यामुळे सात गुरुवारांतले निम्मे तास मी हातात गरम हवेची गन घेऊन लाइट येण्याची वाट बघत बसले असेन. त्या बसण्याच्या आठवणीही आता मला कामाच्या आठवणींइतक्याच जवळच्या वाटतात.

पप्पा भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये होते. दिवसभर पत्रा दाबायचा आणि घरी येऊन गिटार वाजवायची. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात गिटार पाहिलेली माणसंही नसतील, पण पप्पांनी इथे येऊन पहिल्या बोनसमध्ये आईसाठी साडी आणि स्वतःसाठी जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. साडी कधीच विरली, गिटार अजून आहे, हे आई पाहुण्यांना आवर्जून सांगते. वस्तीतल्या गायन पार्टीत पप्पा वाजवायला लागले. एप्रिल आला की जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायचे. आज पिंपरी, उद्या देहूरोड, परवा कुठे चाकणच्या पलीकडच्या गावात. टेम्पोत पेटी, ढोलकी, बाजा, माणसं आणि वरती निळे झेंडे. मला त्या महिन्याचा वास आठवतो: पताकांच्या खळीचा, तापलेल्या ताडपत्रीचा आणि पप्पांच्या शर्टाला येणारा प्रेसच्या तेलाचा, कारण शर्ट बदलायलाही वेळ नसायचा.

पार्टीचे गायक म्हणजे अण्णा. त्यांचा आवाज फुटका, घोगरा, पण अंगावर काटा आणणारा. पप्पांची गिटार मात्र गोड आणि बारीक वाजायची. ही गोष्ट पहिल्यांदा बोलून दाखवली मारुतीकाकांनी. मारुतीकाका म्हणजे भोसरीला आमच्या खोलीला लागून राहणारे, मूळचे मावळातले, एका कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम करणारे. पप्पांचे जिवाभावाचे दोस्त. एका तालमीला बसले आणि उठताना म्हणाले, "आण्णाचा आवाज बाजरीच्या भाकरीवानी, अन् तुझी गिटार म्हंजी निस्ता केक हाय राव. जमत न्हाई."

मग त्यांनी तो उन्हाळा घालवून एक डबी बनवली. जाड ॲल्युमिनियमची, हिरव्या रंगाची, वर दोन बटणं आणि पायानं दाबायचा खटका. गिटारची वायर तिच्यातून नेऊन खटका दाबला की गिटारचा घसा बसायचा. अण्णा ओळ सोडून श्वास घ्यायला थांबायचे, तेवढ्यात गिटार त्याच घोगऱ्या आवाजात ती ओळ पुढे न्यायची. समोर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायच्या, आवाज नेमका कुणाचा म्हणून. अशी डबी दुकानात मिळते, तिला इफेक्ट पेडल म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. आमच्यासाठी ती मारुतीकाकांची डबी होती, आणि जगात एकच होती.

तिचा तळाचा पत्रा काढला की आत काही दिसायचं नाही. काठोकाठ काळं केमिकल भरलेलं, वरून गुळगुळीत. पप्पांनी विचारलं, "आत काय घातलंस ते दाव की." मारुतीकाका नुसते हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा हसले. पप्पांच्या मनात ते हसणं कायमचं रुतून बसलं. एकमेकांच्या घरच्या किल्ल्या एकमेकांकडे असलेली ही माणसं, पण वर्षातून एकदा तरी पप्पा जेवताना म्हणायचे, "सगळं दिलं त्यानं मला. पण भरोसा नव्हता त्याचा माझ्यावर. आत काय आहे ते शेवटपर्यंत दावलं नाही."

यावर आई फक्त मिक्सरकडे बघायची. तो मिक्सर पप्पांनी एकदा ‘नुसता आवाज येतोय, बघतो’ म्हणून उघडला होता. तसाच टेपरेकॉर्डर, तसंच भिंतीवरचं घड्याळ. पप्पांनी उघडलेली वस्तू पूर्वीसारखी बंद झाली असं आमच्या घरात कधी घडलेलं नाही. दर वेळी एखादा स्क्रू उरायचा, आणि पप्पा तो तळहातावर घेऊन म्हणायचे, "हा जास्तीचाच दिला होता कंपनीनं."

मारुतीकाका गेले त्यानंतर वर्षभरातच डबी मुकी झाली. खटका दाबला की गिटारही बंद. पप्पांनी गिटार गवसणीत घालून पलंगाखाली सरकवली. दोन जयंत्या तशाच गेल्या. मग त्या वर्षी अण्णांचा निरोप आला की हा माझा शेवटचा कार्यक्रम, शेजारी तूच पाहिजेस. पप्पांनी उलट निरोप पाठवला, डबी नाही तर मी नाही. मी पुण्यातल्या दुकानातून एक नवं पेडल आणलं. पप्पांनी ते पाच मिनिटं वाजवलं, स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तसं त्याच्याशी सभ्यपणे वागले आणि खोक्यात परत ठेवून दिलं. (मी लग्न केलं नाही. त्याला आमच्या घरातलं हे सभ्य वागणंही थोडंफार कारणीभूत आहे, पण तो विषय वेगळा.)

"मी उघडू का डबी?" मी विचारलं.

"त्यानं बंद केली. उघडायची तर त्यानंच."

"ते गेले, पप्पा."

"मग राहू दे बंद."

आठवडाभर घरात कुणी विषय काढला नाही. पुढच्या गुरुवारी जेवणानंतर पप्पांनी डबी आणून माझ्यापुढे ठेवली. "उघड," म्हणाले. "पण मी बघणार नाही." आणि गॅलरीत खुर्ची टाकून माझ्याकडे पाठ करून बसले.

भरायला दोन मिनिटं लागतात. काढायला किती लागतात ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. आधी मी डबी नेलपॉलिश काढायच्या द्रवात दोन दिवस बुडवून पाहिली. आतलं काळं ढिम्म हललं नाही, बाहेरचा हिरवा रंग मात्र पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघाला. पप्पांनी ते पाहिलं आणि पाणी प्यायले. मग ओळखीच्या एका दुकानातून, जिथे गाड्यांवर प्लास्टिकचा रंगीत कागद चिकटवतात, तिथून गरम हवेची गन आणली. केमिकल तापलं की वरचा थर जरासा मऊ पडतो, तेवढ्यात बांबूच्या काडीनं तो खरवडायचा. लोखंडी टोक वापरलं तर खालचा तुकडा फुटेल. कमी तापवलं तर काडी मोडते, जास्त तापवलं तर आतले तुकडे जोडणारं सोल्डर वितळून सगळं जागचं हलतं. नाकाला ओला रुमाल, खिडक्या उघड्या, पंखा बंद. तासाभरात कोबीच्या कोशिंबिरीइतका काळा भुगा निघायचा आणि डबीत नखभर खड्डा पडायचा.

गॅलरीतून पाठमोरा प्रश्न यायचा, "लागलं का पाणी?"

पप्पांच्या गावाकडे विहीर खोदताना असं विचारतात. मी म्हणायची, "अजून मुरूम आहे."

"खडक लागला तर सांग."

"हाच खडक आहे, पप्पा."

लाइट गेली की गनही बंद. मग आम्ही दोघं तसेच बसून राहायचो. खालून भंगारवाल्याची हाक, समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, आणि लांब कुठेतरी जयंतीच्या मांडवाचे बांबू ठोकल्याचा आवाज. अशा वेळी पप्पा मारुतीकाकांबद्दल बोलायचे. तोंड बाहेर, आवाज माझ्याकडे. समोर बघून बोलले असते तर इतकं बोलले नसते असं मला वाटतं. कुणाच्या लग्नात कोण कसा नाचला, संपात दोघांनी महिनाभर एकाच घरचं जेवण कसं वाटून खाल्लं, पप्पांचे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा मारुतीकाका एसटीत शेजारी बसून बीडपर्यंत कसे एक शब्द न बोलता आले. शेवटी ते वाक्य ठरलेलं. "पण भरोसा नव्हता."

मी आयुष्यभर भरत आले, पण दुसऱ्यानं भरलेलं कधी मागे मागे जात पाहिलं नव्हतं. ओतणाऱ्याचा हात त्यात राहिलेला असतो. मारुतीकाकांनी घाईनं कालवलं होतं, कारण बुडबुडे खूप होते. ओतलं होतं उजव्या कोपऱ्यातून, ते डावखुरे होते तरीही. एक मोठा बुडबुडा काडीनं फुटला तेव्हा मी पप्पांना सांगितलं की तीस वर्षांपूर्वीची हवा बाहेर आली. ते वळले नाहीत, पण त्यांनी लांब श्वास घेतलेला मला दिसला.

पाचव्या गुरुवारी काळ्याच्या खाली वेगळा रंग लागला. मधासारखा पिवळा, बोटाच्या टोकाएवढा ठिपका, एकाच तुकड्यावर. बाकी सगळीकडे काळंच. म्हणजे हे दोनदा ओतलेलं होतं: आधी एवढंसं पिवळं, ते वाळल्यावर काळं. माझ्या डोळ्यांनी ते बरोबर वाचलं. पण अर्थ काय लावला, तर पिवळं केमिकल कमी पडलं असेल. गरिबाघरी असंच असतं, मिळेल त्यानं भरायचं. एवढं मनाशी म्हणून मी पिवळंही खरवडून टाकलं.

सहाव्या गुरुवारी मी हाक मारली, "पप्पा, पाणी लागलं."

पहिल्यांदाच खुर्ची वळली. पप्पा येऊन वाकले. हातानं रेखलेली लहानशी पाटी, दोन ट्रान्झिस्टर, आणखी दहा-बारा तुकडे. बराच वेळ बघून ते म्हणाले, "एवढंच?" तीस वर्षं मनात धरलेल्या गोष्टीची एवढीशी जागा बघून त्यांना वाईट वाटलं की हलकं वाटलं, ते मला कळलं नाही.

बिघाड लगेच सापडला. एका तुकड्याची तार तुटली होती. कडक केमिकल उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं आणि दर वर्षी आतल्या तारांना जरा जरा ओढत राहतं. ज्यानं इतकी वर्षं राखलं त्यानंच शेवटी तोडलं. ती तार जोडली असती तर काम संपलं होतं. पण माझी नजर पुढे गेली. ट्रान्झिस्टरची एक बाजू सपाट असते, एक गोल. सपाट बाजूचं तोंड कुठे हवं ते ठरलेलं असतं. दोनांतला एक बरोबर होता. दुसरा, तो पिवळ्या ठिपक्याखालचा, चक्क उलटा. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मारुतीकाकांची चूक मी पकडली याचा आनंद झाला. कुणाला न विचारता मी तो काढला, फिरवला आणि सुलटा जोडला.

सातव्या गुरुवारी पप्पांनी गिटार पलंगाखालून काढली. खटका दाबला, तार छेडली. आवाज आला: मोठा, सलग, लांबवर टिकणारा. मी टाळी वाजवली. पप्पांनी दोन ओळी वाजवल्या आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"छान आहे," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण हा कोण आहे? मारुती नाही हा."

कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता. मी प्रत्येक तुकडा पुन्हा मोजून पाहिला. सगळं बरोबर होतं. माझ्या कामात दोष नाही म्हटल्यावर दोष दुसरीकडे असणार, म्हणून मी पप्पांना म्हणाले, "तुमचे कान गेलेत त्या प्रेस शॉपमध्ये. आवाज तोच आहे." गिटार गवसणीत घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी आणखी सात गुरुवार दिले असते.

दुसऱ्या दिवशी पप्पाच म्हणाले, तळेगावला जाऊ, हिराकाकूला विचारू. हिराकाकू मारुतीकाकांच्या पत्नी. काका गेल्यावर त्या तळेगाव दाभाड्याला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. पुढच्या गुरुवारी आम्ही स्कूटरवर निघालो, कंटेनरच्या रांगांमधून. पप्पा मागे, डबी कापडी पिशवीत, पिशवी छातीशी. आमच्या हातात तीन दिवस उरले होते.

काकूंनी चहा ठेवला. पप्पांनी सगळी हकीकत सांगितली. काकू म्हणाल्या, "मला काय त्यातलं कळतंय व्हय? पर भरताना मी शेजारी हुते, तेवढं सांगते. आदी येवढ्याशा जागेवर पिवळं लावलं आन् वाळस्तवर राखन बसले. म्या म्हनलं, ह्येवढ्याशाला काय राखायचं? तर म्हनले, ह्यो एक चुकून उलटा बसलाय. त्येच्यामुळंच त्यो आण्णासारका आवाज निघतोय. कुनी शहाना सरळ करायला जाईल, म्हून झाकतोय."

माझे कान तापले. मी बशीकडे बघत बसले.

पप्पांनी विचारलं, "कोण शहाणा?"

काकूंनी पदरानं हात पुसला. "तुमीच की भावजी. दुसरं कोन हुतं? तुमच्या हाती गेलेली वस्तू परत कवा धड आली? आमचा रेडू बी तुमीच उघडला हुता."

पप्पा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "म्हणजे भरोसा नव्हताच त्याचा."

"न्हवताच," काकू म्हणाल्या. "पर दिली तर तुमालाच ना?"

परतताना पप्पा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. चाकण जवळ आलं तेव्हा फक्त म्हणाले, "हळू चालव, डबी आहे." शहाण्यापासून झाकलेली वस्तू दुसऱ्या शहाण्याच्या हाती लागली होती, आणि तो शहाणा त्यांच्याच घरात वाढला होता. ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी तो तुकडा पुन्हा काढला, आणि काढताना त्याचा एक पाय अगदी मुळाशी तुटला. जुना माल, त्यात माझा दुसऱ्यांदा हात. दुसरा कुठलाही ट्रान्झिस्टर लावून तोच आवाज येईल याची खात्री नव्हती. आई म्हणाली, आधी दोन घास खा. मी खाल्लं नाही. ब्लेडनं त्या तुकड्याचं काळं अंग कणाकणानं घासत गेले, आत धातूचा एक ठिपका चमकला, त्याला केसाएवढी तार जोडली. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. पप्पा या वेळी समोर बसून बघत होते, हात मांडीखाली दाबून. स्वतःच्या हातांवर त्यांचाही भरोसा नसावा.

मग तुकडा उलटा बसवला, मारुतीकाकांनी बसवला होता तसा. पप्पांनी खटका दाबला. आधी खाकरल्यासारखं काहीतरी झालं, मग सूर आला. फुटका, शेवटाला विरताना जरा अडखळणारा. माझ्या कंपनीच्या हिशेबात लाल क्रेटमधला. पप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आला."

कार्यक्रमाचं काय सांगू. मी बायकांमध्ये बसले होते. अण्णांचा श्वास त्या दिवशी फार लवकर संपत होता. ते थांबायचे, आणि पप्पांचा पाय खाली जायचा. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "आण्णाला वय झालं, पर आवाज बघ कसा लावलाय." त्या वेळी गात होती डबी. मी रडले, सरळ रडले, पदर वगैरे न लावता.

घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "आता भर परत."

"कुणापासून लपवायची आता?"

"तुझ्यापासून," ते म्हणाले. हसूनच म्हणाले, पण मला लागलं. इतकी वर्षं या कामात, सात गुरुवार बसून मी ती उघडली, मीच तिचा आवाज परत आणला, आणि माझ्यावरच भरोसा नाही. मग लक्षात आलं की हेच दुखणं घेऊन पप्पा तीस वर्षं जेवत होते. मी सबब सांगितली की कडक केमिकल पुन्हा तार तोडेल. सबब खोटी नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं. भरल्यावर मला मारुतीकाकांचा हात दिसणार नव्हता.

मधल्या काळात मी एक कागद मात्र केला. आमच्याकडे एखादा पार्ट नियमात बसत नसेल, पण गिऱ्हाईकाला तसाच हवा असेल, तर एक फॉर्म भरतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. मी डबीचं सगळं सर्किट त्यावर रेखाटलं, एका तुकड्याला बाण केला आणि लिहिलं: हा उलटा आहे, उलटाच ठेवावा. खाली गिऱ्हाईक म्हणून पप्पांनी सही केली, प्रेस शॉपच्या मस्टरवर करायचे तशी, पूर्ण नावाची.

अण्णा आता नाहीत. पप्पांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो, तारेवर ठरत नाही. पार्टीत आता गिटार अस्मिता नावाची मुलगी वाजवते, माण गावातल्या एका आयटी कंपनीत आहे, बोट स्वच्छ आहे, डोकं त्याहून. पप्पांनी डबी तिला द्यायचं ठरवलं आहे. सोमवारी संध्याकाळी ती बघायला आली. डबी हातात घेऊन तिनं पहिलं वाक्य उच्चारलं, "काका, उघडून बघू का?" पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पप्पांकडे.

"पोरगी शहाणी आहे," ती गेल्यावर पप्पा म्हणाले. "द्यायची तर भरूनच द्यायची. मारुती काय वेडा होता?"

काल गुरुवार होता. लाइट होती, आश्चर्य म्हणजे दिवसभर होती. या वेळी मी वाळल्यावरही रबरासारखं मऊ राहणारं केमिकल घेतलं, म्हणजे ते तारांना ओढणार नाही. आधी थोडंसं पिवळं कालवलं आणि एक थेंब त्या एका तुकड्यावर सोडला. तो वाळेपर्यंत आम्ही दोघं त्याला राखत बसलो. पप्पांनी खुर्ची आत, माझ्यासमोर घेतली होती. सर्किटचा कागद माझ्या कपाटात आहे. डबी पुन्हा मुकी झाली तर घेऊन ये, एवढं मी अस्मिताला सांगणार आहे. त्याहून जास्त काही सांगणार नाही.

मग काळं कालवलं. पेला कोमट लागला, मिनिटं थोडी होती. पण ओतण्याआधी तपासायचं, ही अठरा वर्षांची सवय. मी डबी उजेडाकडे धरली आणि एकेक तुकडा पाहिला. एक उलटा होता. मी ओतलं.